वस्तीने निवडलेला ड्रॅगन

पत्रकात आभार कुठे असतात, ते मला लहानपणापासून माहीत आहे. अगदी खाली, निवेदकांच्या नावांच्याही खाली, छापखान्याच्या नावाला टेकून. वर मागण्या, मध्ये निषेध, मग सर्वांनी हजर राहावे, आणि जागा उरलीच तर आभार. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून, त्यामुळे माझी बोलायची आणि लिहायची रीतही तीच झाली. माय म्हणायची, "हे पोरगी मीठ मांगते तं ठराव मांडल्यावानी मांगते." या वेळी मी उलटं करणार आहे. ही हकीकत आभारासाठीच लिहिते आहे. मागण्या पुष्कळ बाकी आहेत, त्या पुढे लिहीनच.

आमचं गाव धामणगाव बढ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वस्ती आमची, बौद्धांची. बाबा शेतमजूर, पण सभा ठरली की आसपासच्या गावांतून पत्रकं वाटायचं काम त्यांच्याकडे असे. गुलाबी, पिवळी, हिरवी, पातळ कागदाची ती पत्रकं मला पाठ असत. माझ्या धाकट्या बहिणीला मात्र छापलेल्या अक्षराचा कंटाळा होता. ती चौथीत होती. पुस्तक पुढे ठेवलं की तिचं पोट दुखायचं, आणि पुस्तक मिटलं की थांबायचं.

तिला एकच वेड होतं. त्या वर्षी गावातल्या दुकानात एक नवी काडेपेटी आली होती. तिच्या छापावर हिरवा साप होता, त्याला पाय होते, पंख होते आणि तोंडातून जाळ निघत होता. विस्तवाला आमच्याकडे इस्तो म्हणतात, म्हणून वस्तीतल्या लेकरांनी त्याचं नाव इस्त्या ठेवलं. रिकाम्या काडेपेट्या गोळा करण्यावरून भांडणं होऊ लागली. इस्त्या काय खातो, अंडी घालतो का पिल्लं देतो, पावसात त्याचा जाळ विझतो का, यावर रोज वाद. या सगळ्या वादांत बहिणीचा शब्द शेवटचा. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर तिने कोळशाने एवढा मोठा इस्त्या काढला होता, की त्याची शेपटी शेजारच्यांच्या भिंतीवर गेली होती.

दिवाळीच्या सुट्टीत माय तिला कापूस वेचायला घेऊन गेली. पोरीचा हात चपळ. तिने वेचलेला कापूस स्वच्छ असायचा, पाचोळा नसायचा. माय आठवडाभर पाहत राहिली आणि एका संध्याकाळी म्हणाली, "आता शाळा पुरे झाली हिची. वाचत तं नाही काही."

मी उभी राहिले. शिक्षण, समता, पिढ्यान्‌पिढ्यांचा अंधार, सगळं बोलून झालं. माय भाकरी थापत होती. माझं संपल्यावर तिने तवा खाली घेतला.

"झालं? आता माह्यं ऐक. सुट्टी सरायच्या आत तिनं मले कायबी वाचून दाखवलं, तं जाईन थे शाळेत. नाही तं माह्यासंग येईन."

"तुले वाचता येत नाही माय, तुले कसं समजन तिनं बरोबर वाचलं का नाही?"

"अडखळणं तं ऐकू येते ना."

बहीण चुलीजवळ बसून राखेत बोटाने पंख काढत होती. ते पंख पाहून मला सुचलं, की हिला वाचायला लावायचं तर इस्त्याचं पुस्तक आणलं पाहिजे.

हे बोलायला सोपं होतं. वस्तीत एक खोली होती, लोकांनी स्वतःच्या हातांनी माती-दगड वाहून बांधलेली. तिथे एक कपाट, त्यात आमची पुस्तकं, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी मॅट्रिक होऊन शिक्षिकेच्या ट्रेनिंगच्या कागदांची वाट पाहत होते. कपाटाचा नियम असा, की कोणतंही पुस्तक आत जाण्याआधी रविवारी वंदनेनंतर सगळ्यांसमोर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं गेलं पाहिजे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आक्षेप घेता येई, आणि आक्षेप मिटला नाही तर पुस्तक परत. देव पाण्यात सोडून आम्हांला फार वर्षं झाली नव्हती. छापलेल्या कागदातून ते पुन्हा घरात शिरू नयेत, याची सगळ्यांनाच काळजी. पुढे ट्रेनिंगला गेल्यावर हा नियम सांगितला तर मैत्रिणी हसायच्या. मी अजून असं दुसरं वाचनालय पाहिलेलं नाही, जिथे निरक्षर माणूस पुस्तक अडवू शकतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

एस्टीने बुलढाण्याला गेले. तिथल्या पुस्तकांच्या दुकानाचे मालक वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. मी त्यांना सांगितलं, लहान मुलांसाठी हवंय, जाळ ओकणाऱ्या सापाचं.

"ड्रॅगन म्हणतात त्याला," ते म्हणाले आणि माळ्यावरून एक गठ्ठा उतरवला. परदेशी चित्रं, खाली मराठी मजकूर. मी उभ्या उभ्याच वाचायला लागले. पहिल्यात राजाचा जयजयकार होता, ते बाजूला ठेवलं. दुसऱ्यात मंत्र मारला की सगळं होत होतं, तेही बाजूला. तिसऱ्यात गरीब मुलाच्या नशिबातच राज्य लिहिलेलं होतं. ते मी जरा जोरातच ठेवलं.

"ताई," मालक म्हणाले, "राजा नको, मंत्र नको, नशीब नको. मग लेकरांना शेतकी खात्याची माहितीपत्रकं देऊ का? ती आहेत माझ्याकडे."

"तीच आजवर दिली आम्हांला सगळ्यांनी," मी म्हणाले. "गरिबाच्या लेकरानं उपयोगाचंच वाचायचं, गंमत तालुक्याच्या लेकरांनी वाचायची, असं कुठं ठरलंय?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहिलं. मग माझ्यासाठी एक स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसून भांडा."

मी बसले. दुपार तिथेच गेली. ते मला मधूनमधून एखादं पुस्तक देत आणि मी का नको म्हणते ते ऐकून घेत. एकदाही त्यांनी मला घाई केली नाही, आणि कुठल्या वस्तीतून आलात हेही विचारलं नाही. शेवटी तीन पुस्तकं उरली. एकात राजपुत्र ड्रॅगनला मारून राजकन्या सोडवतो. राजा होता, पण पोरगा शूर होता, म्हणून ठेवलं. दुसऱ्यात डोंगरातला एक म्हातारा ड्रॅगन आणि एक लहान मुलगी. तिसरं गोष्टीचं नव्हतंच. त्यात ड्रॅगनचे तुकडे छापलेले होते, डोकं, पंख, पोट, शेपटी, खवले. ते कापायचे, खळीने चिकटवायचे, की हात-दीड हात लांबीचा ड्रॅगन तयार.

"आमच्याकडे आधी सगळ्यांपुढे वाचून दाखवावं लागतं," मी म्हणाले. "पसंत पडलं तरच घेतात."

"मग जाकडावर न्या." जाकड म्हणजे पसंतीवर नेलेला माल. लग्नाघरी लुगडी तशी नेतात, पुस्तकं नेल्याचं मी ऐकलं नव्हतं. "फक्त ह्या तिसऱ्याला कात्री लागली, की ते तुमचं. कापलेलं मी परत घेणार नाही."

अनोळखी मुलीच्या हातात त्यांनी तीन नवी पुस्तकं दिली, वर्तमानपत्रात बांधून. मला त्यांचे आभार मानायचं सुचलं नाही. मी "ठीक आहे" म्हणाले आणि स्टँडवर गेले.

रविवारी खोली भरली. ड्रॅगन आलाय म्हटल्यावर लेकरं दाराबाहेर, खिडकीत, एकमेकांच्या खांद्यांवर. बहीण सर्वांत पुढे, माझ्या गुडघ्याला चिकटून. माय भिंतीला टेकून बसली होती. सुट्टी संपत आली होती, आणि तिने तो विषय पुन्हा काढला नव्हता. ठरलं ते ठरलं, असा तिचा स्वभाव.

मी राजपुत्राची गोष्ट वाचायला घेतली. चित्र दाखवायचं, वाचायचं, पान उलटायचं. राजपुत्र गुहेत शिरला आणि त्याने झोपलेल्या ड्रॅगनच्या मानेत भाला घातला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"थांब वं पोरी."

ती वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई. सगळे तिला बुढी माय म्हणत.

"थो आपल्या घरात झोपला होता ना?"

"हाव."

"मंग त्याले काऊन मारलं?"

"त्यानं राजकन्या धरून ठेवली होती, बुढी माय."

"थे तं राजा म्हणते. त्या जनावराले कोणं इचारलं?"

खोलीत हसू पसरलं, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा तं नाग हाये."

आमच्या पत्रकांत लिहिलेलं असायचं, की आपण नाग लोकांचे वंशज. या भूमीचे मूळचे. बाबांनी ते शेकडो वेळा वाचून दाखवलं होतं, मीही म्हटलं होतं, आणि दुकानात एवढ्या पुस्तकांतून राजे वेचून काढताना मला ते दिसलं नव्हतं. वस्तीला मात्र लगेच दिसलं. राजाचा माणूस येतो, झोपलेल्या नागाला त्याच्याच घरात मारतो आणि बक्षीस घेतो. बायका आपसांत बोलू लागल्या. एकीने लेकराला जवळ ओढून घेतलं.

"परत," बाबा म्हणाले. कुणी विरोध केला नाही. इस्त्या मेलेला खिडकीतल्या पोरांनाही नको होता.

दुसरं पुस्तक उघडलं. तेवढ्यात फौजेतून सुट्टीवर आलेला एक गडी उठला. चीनची लढाई तेव्हा ताजी होती. "हे जनावर चीनचं हाये," तो म्हणाला. "पेपरात चीनचं चित्र असंच काढतात. आपल्या लेकराईले हे काऊन शिकवता?"

तो सरहद्दीवर थंडीवाऱ्यात उभा राहून आला होता, त्याला उत्तर कोण देणार? शेवटी बुढी मायच बोलली.

"चहा पेतं का रे बाबू?"

"पेतो. काऊन?"

"मास्तर सांगे, चहा चीनचा हाये म्हणून."

तो बसता बसता म्हणाला, "वाच मंग. पण थो आपल्यावर जाळ टाकन तं मी उठीन."

त्या गोष्टीत बर्फाच्या डोंगरात राहणारा म्हातारा ड्रॅगन होता आणि थंडीने त्याचा जाळ विझत आला होता. खालच्या गावातल्याही चुली विझलेल्या. एक मुलगी कोरडा पाला घेऊन वर जाते, त्याच्या तोंडापाशी ठेवते, आणि त्याचा जाळ पुन्हा पेटतो. मग तो मान खाली करून तिच्या मडक्यात निखारा ठेवतो, आणि ती घरोघर विस्तव देते. मी वाचून संपवलं आणि आक्षेपाची वाट पाहिली.

बुढी माय म्हणाली, "त्यानं मान खाली करून देला?"

"हाव. चित्र पाय."

तिने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "आमी लहान होतो तं गावात इस्तो मांगाले जावं. दुरून उभं राहावं. मंग बाई वरतून खापरीत टाके, अर्धा तं खाली पडे. हातानं उचलला मी, किती डाव." तिने चित्र परत दिलं. "हे पुस्तक राहू द्या."

पुस्तक राहिलं. माझ्याजवळच्या कुठल्याही पत्रकात त्या विस्तवाबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं नव्हतं. मी शिकलेली, आणि जाळ ओकणाऱ्या प्राण्याच्या गोष्टीत काय पाहायचं ते मला त्या खोलीने शिकवलं. त्या रविवारचे आभार मी असे इतक्या उशिरा मानते आहे.

तिसरं पुस्तक मात्र अडकलं, आणि तेच बहिणीला हवं होतं. तिने पानावर हात फिरवला आणि मला कानात विचारलं, "कैची आणू?"

"कैची कायले?" बाबांनी ऐकलं.

मी समजावून सांगितलं, हे पुस्तक कापण्यासाठीच छापलंय. बाबांचा चेहरा बदलला. पत्रकात भाकरी बांधलेली त्यांना चालत नसे. रस्त्यात छापील चिटोरं दिसलं तर उचलून खिशात घालणारा माणूस तो. आणि फक्त बाबाच नव्हे, त्या खोलीतला एकही माणूस छापील पुस्तकाला कात्री लावायला तयार झाला नसता. ज्या अक्षराला हात लावायची कुणी मुभा दिली नव्हती, ते आता कुठे घरात आलेलं, आणि ते कापायचं?

"पुस्तक कापाले नाही होत," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही.

"मंग थो कसा बनन?" बहीण म्हणाली.

मी नियमावर बोट ठेवून भांडणार होते. आक्षेपाचं कारण सांगा, मुद्द्यावर बोला. पण बाबा उठून बाहेर गेले. सगळे बसून राहिले, कारण सभा संपली असं कुणी म्हटलं नव्हतं. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळीने बांधलेला पत्रकांचा गठ्ठा होता.

"ह्या सभा होऊन गेल्या," ते म्हणाले. "एक-एक कागद मी पेटीत ठेवून घेतला. बाकीचे उरेल हायेत. याईले लावा कैची."

कागद इतका पातळ, की पुस्तकाच्या पानावर ठेवला तर खालची रेघ दिसायची. लेकरांनी पेन्सिलीने रेघा उतरवल्या. पंख गुलाबी पत्रकांचे, पोट पिवळ्याचं, खवले हिरवे. बायकांनी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून आणली. फौजी गड्याने बांबूची कामटी तासून कणा केला आणि चीनबद्दल पुन्हा बोलला नाही. बाबा स्वतः खवले कापत बसले. कापताना ओळ मध्ये तुटू नये म्हणून ते कात्री वळवत होते, त्यामुळे त्यांचे खवले वाकडे झाले. ते बहिणीने मानेवर लावले, तिथे दिसतात म्हणून.

पुस्तकाला एक रेघही लागली नाही. मालकांचा माल मालकांना परत देता आला असता. पण वस्तीने वर्गणी करून ते ठेवूनच घेतलं, पुढच्या लेकरांना रेघा उतरवायला.

इस्त्या तयार झाला तेव्हा त्याला खोलीच्या आढ्याला बांधलं. बुढी माय खालून पाहत होती.

"याच्या पोटावर काय लिहेल हाये वं?"

तिने हे मला विचारलं असतं तर मी वाचून टाकलं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. पण तिने बहिणीला विचारलं, कारण इस्त्या तिचा होता. त्याबद्दलचा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारायचा नाही, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणीने मान वर केली. तिचं पोट दुखलं नाही. तिने बोट हवेत धरून एकेक अक्षर जुळवायला सुरुवात केली.

"ये... येता... ना. येताना. आप... ली. आपली. शि... दोरी."

"येताना आपली शिदोरी?" बुढी मायने पुढचं विचारलं.

"सो... बत. आ... णा... वी. येताना आपली शिदोरी सोबत आणावी."

खोली हसली. पोटावर नेमकं तेच आलं होतं. बहीणही हसली, आणि मग न विचारता शेपटीकडे गेली. शेपटीवर "सर्वांनी वेळेवर" एवढंच होतं, पुढचं कात्रीत गेलेलं. ती चिडली. "यावे असन," तिने स्वतःच ठरवलं. मग पंख. पंखावरची ओळ उलटी लागली होती, म्हणून ती जमिनीवर आडवी पडून वाचू लागली, आणि इतर लेकरं तिच्याभोवती आडवी झाली.

मी मायकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. अडखळणं पुष्कळ होतं, जवळजवळ प्रत्येक शब्दाला. मला वाटलं, ती आता तेच बोलणार. मी तोंड उघडलं तर बाबांनी हात वर करून मला थांबवलं. मी थांबले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण मी थांबत नसे.

माय उठून घरी चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी बहिणीला नेहमीसारखं वेचणीला घेऊन गेली. बहीण मात्र रोज वेचणीवरून आली की खोलीत पळायची.

सुट्टी संपल्यावर पहिल्या सकाळी बायका नेहमीप्रमाणे वेचणीला निघण्यासाठी दारापाशी आल्या. मायने वेचलेला कापूस टाकायची फडक्याची ओटी कमरेला बांधली. बहिणीची ओटी खुंटीवर होती. मायने तीही काढली आणि स्वतःच्या ओटीवर आणखी एक म्हणून बांधून घेतली. त्या हंगामात पोरीच्या वाट्याच्या ओळी तिनेच वेचल्या, सूर्य उतरेपर्यंत, आणि त्याबद्दल कुणापुढे एक शब्द काढला नाही. मी सभांमधून आजवर पुष्कळ त्याग ऐकले आहेत. त्यांतला एकही मला त्या दुसऱ्या ओटीएवढा जड वाटला नाही.

बहीण दारात दप्तर घेऊन उभी होती, जावं की न जावं, मायकडे बघत.

"पोरगी येत नाही का आज?" बायकांतली एक म्हणाली. "हात तं चांगला होता तिचा."

"नाही येत," माय म्हणाली आणि चालू लागली. "थ्या जनावराचं लय वाचाचं राह्यलं हाये तिचं."